तिसऱ्या रांगेतले मुके

माझ्या पायांना अजूनही स्वस्थ उभं राहता येत नाही. दुकानात पैसे द्यायच्या रांगेत असले तरी टाचा आपोआप वरखाली होतात, आणि मागची एखादी बाई काळजीनं विचारते, "बाथरूमला जायचंय का हो?" तिला काय सांगणार, की सेंट क्लोटिल्ड चर्चच्या बिगुल-ढोल पथकात या पायांनी चार उन्हाळे मैदानं तुडवलीत, आणि ती सवय मोडायची राहून गेली.

आमचं वूनसॉकेट कापडगिरण्यांचं गाव आणि स्पर्धांत आमचं पथक शेवटून पहिलं. मी शिरले तेव्हा सत्तर मुलं होती. १९७४ च्या उन्हाळ्यात अडतीस उरली. ज्यांना चांगलं वाजवता येत होतं त्यांना बॉस्टनकडच्या श्रीमंत पथकांनी उचललं. ज्यांना कुणी उचललं नाही ते आम्ही. आमचे कोट बंद पडलेल्या दुसऱ्या एका पथकाकडून घेतलेले, त्यांच्या नावाची अक्षरं उसवली तरी शिवणीची भोकं पाठीवर तशीच दिसायची. बस चढावर धाप टाकायची, मग मुलं खाली उतरायची आणि ढोलवाले ढकलायचे.

मे महिन्यात फादरनी निर्वाणीचं सांगितलं. ऑगस्टच्या मोठ्या स्पर्धेत यंदाही शेवटचा नंबर आला तर पथक बंद. बिगुल विकायचे आणि चर्चच्या तळघरात, जिथं आम्ही सराव करायचो, पैसे जमवायला आणखी एक दिवस बिंगोचा खेळ ठेवायचा.

आमचे प्रमुख मिस्टर रोंदो पोस्टमन होते. दिवसभर पत्रं वाटत चालायचे आणि संध्याकाळी आम्हाला चालवायचे. माणूस देवभोळा, पण हिशेबी. त्या काळी परीक्षक हातात कागद घेऊन मैदानात आमच्यामध्येच फिरायचे. सूर फाटला, एक रेघ. पाय चुकला, एक रेघ. प्रत्येक रेघेला एका गुणाचा दहावा हिस्सा कापला जायचा. जून महिन्यात दोन स्पर्धा हरल्यावर रोंदोंनी ते कागद समोर पसरले, आणि त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. चुकीला रेघ होती. गप्प बसण्याला रेघ नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बाजूला घेतलं.

"क्लॉडेट, उद्यापासून बिगुल ओठांना लाव, गाल फुगव, कळीवर बोटं हलव. फुंकू मात्र नकोस."

"म्हणजे? मला वाजवता येतं!"

"येतं ना. पार पलीकडच्या राज्यात ऐकू जातं. परीक्षकांना तर फारच."

"मी सुधारेन."

"ऑगस्टपर्यंत?"

माझे वरचे सूर फाटायचे, हे मलाही ठाऊक होतं. पण फाटका असला तरी तो माझा सूर होता. मी सोळा वर्षांची होते आणि मला चारचौघांत उठून दिसेल असं दुसरं काहीही येत नव्हतं.

जुलै संपेपर्यंत तिसऱ्या रांगेतल्या नऊपैकी पाचजण मुके झाले होते. माझ्या शेजारची जिनेट त्यांतलीच. ती खूश होती.

"बरंय की," ती म्हणायची. "ओठ सुजत नाहीत, आणि बिगुलात च्युइंगम ठेवता येतं. तू एवढे गाल फुगवू नकोस गं, बेडकी दिसतेस."

"तुला काहीच वाटत नाही?"

"वाटतं ना. भूक लागल्यासारखं वाटतं."

आणि गंमत म्हणजे गुण वाढायला लागले. बेचाळीसचे सत्तेचाळीस, सत्तेचाळीसचे एक्कावन्न. एका स्पर्धेत आम्ही चक्क शेवटून दुसरे आलो, तेव्हा रोंदोंनी सगळ्यांना शिंपल्यांची भजी खाऊ घातली. सगळे हसत होते, मीही खाल्ली. घरी गेले की बिगुलाचं तोंड उशीत खुपसून मी वाजवायचे. अंगात नुसती वळवळ असायची. जेवताना बोटं टेबलावर नाचायची, प्रार्थनेला गुडघे टेकले की पाय हलायचे. आई म्हणायची, "मुलीच्या अंगात मुंग्या शिरल्यात."

माझे पपा, अर्मांद पेल्शा, गिरणीत दुसऱ्या पाळीला मागावर होते. शनिवारसुद्धा सुटायचा नाही. चार वर्षांत त्यांनी मला एकदाही मैदानात पाहिलं नव्हतं. ऑगस्टमध्ये शेवटची स्पर्धा जवळ आली, तसे एका रविवारी जेवताना म्हणाले, "शनिवारची सुट्टी काढलीय. गिरणीतल्या लुसिएला माझी पाळी दिली. त्याच्या बदल्यात त्याचे दोन रविवार मी करायचे."

मी हातातला पाव ताटात ठेवला.

"कशाला पपा? आम्ही काही जिंकणार नाही."

"जिंकणं बघायला कोण येतंय? तुला ऐकायला येतोय. एवढ्या गर्दीत तुझा बिगुल कुठला, ते कसं कळेल तेवढं सांग."

तेव्हाच खरं सांगायला हवं होतं. मी मूग गिळून गप्प बसायच्या ऐवजी वाईट गोष्ट केली, खोटं बोलले. म्हणाले, "शेवटच्या गाण्यात ढोल थांबतात. तिथं आमची तिसरी रांग एकटीच वाजवते. आठ मात्रा. त्यात मी."

ते चमचा हातात धरून म्हणाले, "गुणगुणून दाखव." मी दाखवलं. त्यांनी दोनदा म्हणायला लावलं आणि पाठ केलं.

आठवडाभर मी एकच गोष्ट ठरवत होते: शनिवारी फुंकायचं. जिनेटला सांगितलं, तर तिनं च्युइंगम चघळायचं थांबवलं.

"वेड लागलंय? फाटला तर?"

"आठच मात्रा आहेत."

"आठ मात्रांत तू दहा चुका करतेस, बाई. पथक बंद पडेल."

"पपा येतायत."

ती पुन्हा च्युइंगम चघळायला लागली. मग म्हणाली, "कर मग. मी कुणाला सांगणार नाही."

शनिवारी मैदान तापलं होतं. पपा प्रेक्षकांत सहाव्या पायरीवर बसले होते, त्या उन्हात मयतीला घालायचा काळा सूट चढवून. दिसल्याबरोबर त्यांनी हात केला. आम्हाला हात हलवायची परवानगी नव्हती, मी फक्त हनुवटी वर केली.

पहिली तीन गाणी बरी गेली. शेवटचं सुरू झालं. ढोल थांबायच्या चार पावलं आधी पांढरी टोपी घातलेला परीक्षक रांगांमधून वाट काढत आला आणि नेमका माझ्यासमोर उलटा चालायला लागला. ढोल थांबले. मी छाती भरून श्वास घेतला. आमच्या रांगेतल्या चौघांचे सूर उठले.

त्यानं कान माझ्या बिगुलाजवळ आणला. मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं. माझे गाल फुगलेले, बोटं बरोबर हलत होती, आणि बिगुलात सूर नव्हता. त्याला कळलं. पेन्सिल कागदावर आली, क्षणभर थांबली आणि तशीच मागे गेली. त्या कागदावर अशा गोष्टीसाठी रकानाच नव्हता. तो पुढच्या मुलाकडे सरकला.

अजून तीन मात्रा उरल्या होत्या. तो गेला होता, मला फुंकता आलं असतं. पथकासाठी थांबले असं मी पुढं कितीतरी वर्षं स्वतःला सांगितलं. ते खरं नाही. मी घाबरले. भरलेला श्वास तसाच नाकातून सोडला आणि डावा पाय उचलला.

निकालाला सगळी पथकं मैदानात उभी होती. शेवटचं नाव आधी पुकारतात. आमचं नाव आलं नाही. दोन दशांशानं आम्ही वाचलो होतो. रोंदो टोपीत तोंड घालून रडले. जिनेटनं मला मिठी मारली आणि कानात विचारलं, "फुंकलंस?" मी मान हलवून नाही म्हटलं. तिनं मिठी सोडली नाही.

पपा कुंपणापाशी आले तेव्हा सूट घामानं पाठीला चिकटला होता. त्यांनी माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. गिरणीत बोट गेलं तेव्हासुद्धा मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

"ऐकलं मी," ते म्हणाले. "ढोल थांबले आणि लगेच ओळखलं. बाजूच्या माणसाला सांगितलं, ही माझी मुलगी."

मी का विचारलं कुणास ठाऊक. पण विचारलं, "कसं वाजलं पपा?"

"स्वच्छ," पपा म्हणाले. "एकसुद्धा चूक नाही केलीस."