‘घर कुठलं?’ या प्रश्नाखालचा मोढा

शनिवारी सकाळी सव्वासातला पाटणच्या एका गल्लीत जलेश्वरी महर्जन यांनी मला दाराबाहेर ठेवले आणि दारावर ‘खोली भाड्याने’ अशी पाटी अडकवली. साडेआठला तुलसा खड्का नावाची मुलगी आली. जुनी खोली तिला त्याच संध्याकाळी सोडायची होती.

मित्रांनो, मी एक जुना नेपाळी मोढा, म्हणजे बांबू-दोरीचे बसके आसन आहे. माझा बांबू तराईतला, दोरी वीरगंजची. बुडाशी टायरची पट्टी आहे. ते टायर कुठल्या ट्रकचे, देव जाणे. मला विणले भक्तपूरच्या एका म्हाताऱ्याने. मोढा कुठला, असे कोणी विचारले की जलेश्वरीआमा (आमा म्हणजे आई) कधी भक्तपूर सांगतात, कधी ‘आमच्या ह्यांनी आणलेला’ म्हणतात. दोन्ही खरे आहे.

तरुणपणी माझे फार कौतुक झाले. आमांचा मुलगा माझ्यावर उभा राहून तारेत अडकलेले पतंग काढायचा. पुढे तो परदेशी गेला, घरात प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या आणि मी दोन पावसाळे गच्चीवर काढले. टायर टिकले, बांबू चिरला. आता मला एकच काम आहे. खोली बघायला आलेल्याने माझ्यावर बसायचे आणि एका प्रश्नाचे उत्तर द्यायचे.

“घर कुठलं?” आमांनी विचारले.

इथे माणूस राहतो ते बिऱ्हाड, मग वीस वर्षे का होईनात. घर म्हणजे दुसरीकडचे. एवढे तुलसालाही ठाऊक होते. दुसरीकडचे कुठले, इथे ती अडली.

“जन्म खोटाङचा, आमा.”

“म्हणजे घर खोटाङला.”

“तिथं आता काका राहतात. मी गेले की मलाच विचारतात, कुठून आलीस? वाढले मी झापाला, मामाकडं.”

“मग झापा.”

“ते मामाचं. बाबांनी सुर्खेतला बांधलंय. तिथं मी एकूण अकरा दिवस राहिलेय.”

समोरच्या ओट्यावर शेजारीण चिनीमाया मुळे चिरत होत्या. त्या म्हणाल्या, “जलेश्वरी, हिला खोली नको, नकाशा दे.”

“नागरिकतेच्या दाखल्यावर काय आहे?” आमांनी विचारले.

“उदयपूर. तेव्हा बाबांची बदली तिथं होती.”

आमांच्या कपाळावर आठ्या पडल्या. तुलसाला वाटले, जवळचे काहीतरी सांगितले तर यांना भरवसा वाटेल. म्हणून ती म्हणाली, “आत्या इथंच कीर्तिपूरला असते. हाकेच्या अंतरावर.”

तिथे बिघडले. मागचा भाडेकरू जवळच्या धादिङचा होता. दर शनिवारी त्याच्याकडे सात पाहुणे आंघोळीला यायचे आणि दुपारी टाकीत खडखडाट असायचा. पाटीची सैल झालेली दोरी आमांनी घट्ट बांधली.

तुलसा उठली, पण तिचा कुर्ता माझ्या चिरलेल्या बांबूत अडकला. मी मुद्दाम काही केले नाही. ती वाकून धागा सोडवू लागली. दशैं म्हणजे इथला दसरा; तेव्हा घरच्या थोरांकडून टिळा लावून घेतात. उभ्या उभ्या आमांनी विचारले, “दशैंचा टिळा कुणाकडून लावून घेतेस?”

“दोन वर्षं कुणाकडूनच नाही.” तिचे लक्ष धाग्याकडे होते. “काकांना वाटतं झापाला गेली, मामांना वाटतं सुर्खेतला, आणि बाबा म्हणतात मामानं ठेवून घेतली असेल. मी आपली बिऱ्हाडावर चिउरा-पोहे खात बसते.”

चिनीमायांची विळी थांबली. दशैंला भाडेकरू आपापल्या गावी निघून जातात. मग या घरात आमा उरतात आणि मी.

“आत्या आंघोळीला येते?” आमांनी विचारले.

“तिलाही वाटतं, मी झापाला आहे.”

मित्रांनो, मोढा पावसात ठेवू नका. त्याचा बांबू चिरतो. आणि कोणाला घर कुठले असे विचारणार असाल, तर आधी बसायला द्या. उत्तर लांबलचक असू शकते.

सकाळी दहापर्यंतची माहिती अशी. पाटी दारावरच आहे. आमांनी हो म्हटलेले नाही, नाहीही म्हटलेले नाही. दोघी टाकी बघायला गच्चीवर गेल्या आहेत. तुलसाची पिशवी माझ्यावर आहे.