फडाच्या कडेला उभी राहिलेली ट्रॉली

मी एक जुनी ट्रॉली आहे. बारामती तालुक्यातल्या पणदऱ्यात, सर्जेरावांच्या गोठ्यामागे माझा मुक्काम. मित्रांनो, आज माझा रंग उडालाय, मागची फळी कललीय. पण ऐन उमेदीत मी इतका ऊस वाहायचे, की सांगवीच्या लोकांना वाटायचं, डोंगरच कारखान्याला निघालाय. एकदा माझ्या सावलीत अख्खं वऱ्हाड जेवून उठलं. खोटं वाटत असेल तर नवरदेवाला विचारा. तो अजून ढेकर देतोय.

इंदापूरच्या एका वेल्डरने मला घडवलं. दर दसऱ्याला मला झेंडूची माळ पडायची. मग नवी, माझ्या दुप्पट लांबीची ट्रॉली आली आणि माळ तिच्या गळ्यात गेली. माझ्यात कोंबड्या अंडी घालू लागल्या. त्यांची कटकट काय सांगू!

एका हंगामात आमच्या शेजारच्या माळावर ऊसतोड्यांच्या कोप्या पडल्या. कोपी म्हणजे पाचटाची झोपडी. जयवंता आणि महिपती हे नवराबायको फडात ऊस तोडायचे, आणि त्यांची नऊ वर्षांची छकुली धाकट्या बिरूला कडेवर घेऊन कोपीपाशी बसायची. तिच्याजवळ तिसरीचं पुस्तक होतं. बिरूने त्यातली निम्मी पानं चघळून संपवली होती.

सर्जेरावांच्या पत्नी प्रयागबाईंनी उभा जन्म अंगणवाडी चालवलेली. त्यांना हे बघवेना. त्यांनी कोंबड्या हुसकल्या, माझ्यावर ताडपत्री ताणली, फळा टांगला आणि कोप्यांवर निरोप धाडला, "धा वाजता शाळा भरंल."

दहा वाजले. एकही पोर आलं नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. प्रयागबाई तणतणत फडात गेल्या.

"काय गं जयवंता, पोरीला शिकवायचं न्हाय व्हय तुला?"

जयवंताने हातातला कोयता थांबवला नाही. "काकी, तुमी धाला फळा पुसता, तवा आमचा निम्मा दिस सरल्याला असतो. आमी अंधारातच फडात येतो. तवापासनं बिरूला कोण बघंल? म्हणून छकुली हाय घरी."

प्रयागबाई बांधावरच टेकल्या. "एवढी वर्षं पोरं सांभाळली गं. आईला तिचा दिस कवा उगवतो, ते विचारायचं राहूनच गेलं."

दुसऱ्या दिवशी पहाटे घोंगडी पांघरलेल्या सर्जेरावांनी मला ट्रॅक्टरला जोडलं आणि फडाच्या कडेला नेऊन उभं केलं. बिरू साडीच्या झोळीत, छकुली फळ्यापाशी, आणि आई हाकेच्या अंतरावर. इतर कोप्यांतली पोरंही आली. एकाने माझ्या फळीवर हत्ती काढला. तो इतका हुबेहूब, की रात्रीतून चार मोळ्या उसाचं हिरवं वाढं फस्त झालं.

पण सर्जेराव आठवड्यातच कुरकुरू लागले. "रोज पहाटं उठायला मी काय कोंबडा हाय?"

"मग मला शिकवा की ट्रॅक्टर, तात्या," जयवंता म्हणाली. "कोंबडीला आरवाय जमतंय का बघू."

सर्जेराव हसले, पण शिकवलं. मोळ्या भरून झाल्या की जयवंता शिकायला ट्रॅक्टरवर चढायची. पहिल्यांदा तिने मला थेट ओढ्यात घातलं. प्रयागबाईंनी तिला बारामतीला नेऊन लायसन काढायला लावलं. मग पहाटे मला फडावर तीच नेऊ लागली. महिपती गोठ्यात धारा काढायला, गाईंचा ताप ओळखायला शिकला. "बायको ट्रॅक्टरवर आन् मी गाईमागं," तो म्हणायचा. "गावाकडं सांगू नगा."

हंगाम संपला. ऊसतोड्यांची टोळी माघारी निघाली. माझ्यातच सगळ्यांची भांडी, गाठोडी चढली. छकुली तिसरीचं पुस्तक घेऊन गाठोड्यावर बसली. पुढच्या हंगामात कुठला फड, कुठला माळ, काहीच ठाऊक नव्हतं. फळा मात्र पणदऱ्यातच राहणार होता.

तेवढ्यात माझं चाक बसलं. सर्जेराव म्हणतात, खिळा घुसला. घुसला खरा, पण तो मी मुद्दाम वेचून घेतला होता.

चाक खोलेपर्यंत सगळे सावलीला टेकले. प्रयागबाई म्हणाल्या, "जयवंता, ट्रॅक्टरला बारमाही माणूस पायजे. गोठ्याला बी. ऱ्हायला खोली हाय. पोरीचं नाव हितल्याच शाळंत घालू."

जयवंताने महिपतीकडे पाहिलं. तो पागोट्याचं टोक चाळवत म्हणाला,

"आमच्यात उसामागं गेलेला माणूस एका जागी ऱ्हायला न्हाय, काकी."

"मग तू पयला," जयवंता म्हणाली. "उतरव ती गाठोडी."

छकुलीने वडिलांच्या उत्तराची वाट पाहिली नाही. पहिलं गाठोडं तिनेच खाली ढकललं. महिपती दुसऱ्याला हात घालताना पुटपुटला, "हळू गं, त्यात काचंची बरणी हाय."

मित्रांनो, आता छकुली चौथीत आहे आणि बिरू अंगणवाडीत. त्यांच्या खोलीपुढे जयवंताने भेंडी लावलीय. यंदा शेळगावच्या शिवारात नवी टोळी उतरलीय. उद्या पहाटे जयवंता मला फळ्यासकट तिकडे नेणार आहे.

तुम्हाला एवढंच सांगणं, जुनं झालं म्हणून कुणाला गोठ्यामागे टाकू नका. आणि एखाद्या लेकराला हात द्यायला निघालात, तर त्याच्या आईबापालाही बोलवा. माझ्यात जागा बेताचीच आहे, पण सरकून बसलं की सगळे मावतात.