सोमवारचे दोन तास

मित्रांनो, मी अशी खुर्ची आहे जिच्यावर बसायची वेळ आपल्यावर येऊ नये असं प्रत्येकाला वाटतं. मी एक जुनी चाकांची खुर्ची आहे. माझं रेक्झिन फाटलंय, आऱ्यांना गंज चढलाय, आणि मी ज्या कोठीत उभी आहे तिथे दार वर्षातून दोनदाच उघडतं. तरी मला पुष्कळ आठवतं. म्हाताऱ्या माणसांचं असतं ना, कालचं जेवण आठवत नाही पण तीस वर्षांपूर्वीचं एक वाक्य शब्दन् शब्द आठवतं, तसं.

माझा जन्म मुंबईतल्या एका कारखान्यातला. माझे पाइप वाकवणारे, बसायचं कापड ताणून ठोकणारे हात दिवसभर मराठीत गप्पा मारत. तीच माझी भाषा झाली. मग मी जहाजाने बहरीनला आले. आधी एका दवाखान्यात राबले, आणि तिथे नवीन खुर्च्या आल्यावर राजधानी मनामातल्या बाब अल बहरीन या वेशीजवळच्या काही कापडवाल्या व्यापाऱ्यांनी मला जनाबियातल्या एका छोट्या आरामघराला दिलं. हाड मोडलेली, ऑपरेशन झालेली म्हातारी माणसं तिथे बरी होईपर्यंत राहत. घर समुद्राजवळ होतं. व्हरांड्यातून एक उतार गेटापर्यंत जायचा, गेटाबाहेर बांधाला लागून पायवाट होती, आणि लांबून कॉजवेवरच्या, म्हणजे सौदीला जाणाऱ्या समुद्रावरच्या पुलावरच्या, गाड्यांची घरघर यायची.

खुर्चीला काय दिसतं, असं तुम्ही विचाराल. काही दिसत नाही. मला डोळे नाहीत. मला ऐकू येतं, आणि वजन कळतं. माणूस बसला की तो किती दमलाय, कुठे दुखतंय, कुणाची वाट बघतोय, सगळं मला वजनावरून कळतं. वजन खोटं बोलत नाही.

एकोणीसशे चौऱ्याण्णव साली माझ्यावर हमीदाबी बसायच्या. मूळच्या दापोलीकडच्या. लग्न होऊन मनामात आल्या, नवऱ्याचं कापडाचं दुकान सांभाळलं, आणि म्हातारपणी खुब्याचं हाड मोडून घेतलं. उजवा खुबा दुखायचा म्हणून त्या डावीकडे रेलून बसत. मुलगा अझहर शुक्रवारी यायचा. बाकीच्या दिवसांत त्यांच्याकडे येणारं माणूस एकच, ते म्हणजे इरावती.

इरावती पंधरा वर्षांची. हमद टाउनला राहायची आणि मोठ्या इंग्रजी शाळेत शिकायची. त्या शाळेत 'ऑनर सोसायटी' होती. तिचा बिल्ला मिळवून सभासद होणं सोपं नव्हतं. नव्वद टक्के गुण हवेत, वागणूक चोख हवी, आणि वर्षात चाळीस तास कुणाची तरी सेवा केलेली हवी. त्यासाठी एक कार्ड असे. तारीख, वेळ आणि पुढे सही. सही सेवा करणाऱ्याची नाही, ज्याची सेवा केली त्याची. एक जरी नोंद खोटी निघाली तरी नाव कायमचं बाद.

हमीदाबींना लिहिता येत नव्हतं. त्या अंगठा द्यायच्या.

"काय गो बाय, पाच मिन्टं उशीर!" इरावती आली की त्या सुरू करत. "सांगू काय तुझ्या सोसायटीला?"

"सॉरी आजी, ट्रॅफिक होता."

"ट्रॅफिक नाय. त्या हमद टाउनच्या गोल गोल चौकांत तुझा बाप फिरत रवला आसंल. एकाच चौकाला तीन वेळा सलाम केला आसंल."

इरावती हसायची आणि मला उतारावरून खाली न्यायची. दोन तास आम्ही बांधावरून फिरायचो. एकदा ती घाईत होती. साडेपाचलाच म्हणाली, "आजी, आत्ताच थंब देता का? प्लीज?"

"नाय गो. सहा वाजूदे. दोन तास म्हंजे दोन तास." मग म्हणाल्या, "तुला कार्ड भरायचंय. मला दिवस भरायचाय."

असे अडतीस तास झाले. एप्रिल संपत आला होता. शनिवारी जाताना हमीदाबींनी विचारलं, "सोमवारी शेवटचे दोन तास ना? मग बिल्ला भेटंल तुला?"

"हो आजी. बुधवारी फंक्शन आहे. शपथ मीच वाचणार आहे."

"मग ये हां. मी गेटावर बसून वाट बगीन."

"प्रॉमिस. नक्की येते."

रविवारी दुपारी हमीदाबी पलंगावर पडल्या होत्या. त्यांना सवय होती, झोपताना एक हात माझ्या हातावर ठेवायची. अस्रची, म्हणजे दुपार कलतानाची, अजान झाली तेव्हा तो हात जड झाला. खूप जड. मग कुणीतरी तो उचलला. त्यांनी स्वतः उचलला नव्हता, एवढं मला कळलं. सोमवारी सकाळी दफनविधी झाला. राजननं, म्हणजे आमच्याकडे काम करणाऱ्या केरळच्या मदतनिसानं, मला पुसलं, माझी घडी घातली आणि व्हरांड्यातल्या भिंतीला टेकवून ठेवलं. इरावतीला कळवायचं कुणालाच सुचलं नाही.

आता जे सांगते ते नीट ऐका, मित्रांनो. मी त्यात मीठमसाला लावणार नाही.

सोमवारी चारच्या सुमाराला माझी घडी उघडली. उघडणारे हात नव्हते. मग माझं बसायचं कापड खाली गेलं, डावीकडे जास्त. एप्रिलच्या त्या उन्हात माझा पाइप भाजत होता, पण कापड मात्र घागरीसारखं गार पडलं. मी हळूहळू उतारावरून निघाले. मागून कुणी ढकलत नव्हतं. गेटाशी येऊन मी थांबले, तोंड रस्त्याकडे.

"अरे, ये कुर्सी इधर कौन लाया?" राजनचा आवाज आला. त्यानं मला आत नेलं. रिकामी खुर्ची ढकलायला जेवढा जोर लागतो त्याहून त्याला जास्त लागला, कारण मध्येच तो दम घ्यायला थांबला. तो गेला आणि मी पुन्हा गेटाशी आले. दुसऱ्यांदा त्यानं मला ब्रेक लावला. ब्रेक लावलेली चाकं फरशीवर घासत मी तिसऱ्यांदा गेटाशी आले. मग राजन आलाच नाही. आत त्यानं आमच्या नर्सना, रंभा सिस्टरना, हाक मारलेली मला ऐकू आली.

रस्त्यावरून गाडी आली की कापडावरचं वजन पुढे सरके. गाडी निघून गेली की मागे टेके. असं कितीतरी वेळा झालं. सहाच्या सुमाराला सूर्य मावळतानाची, मगरिबची अजान झाली. माझे दोन्ही हात दाबले गेले, माणूस उठताना दाबतो तसे, आणि मी हलकी झाले.

मंगळवारी चार वाजता शाळेच्या रशीदा मिस आल्या. ऑनर सोसायटीचं काम त्या बघत. कार्ड भरलं की खाली एक सही आरामघराच्या सिस्टरनी त्या विद्यार्थ्यासमोर करायची, असा नियम होता. म्हणून इरावतीही सोबत होती. ती थेट व्हरांड्यात माझ्यापाशी आली आणि तिनं माझ्या मुठीवर हात ठेवला. रिकाम्या खुर्चीचं तिला नवल वाटलं नसावं. आजी पलंगावर असतील असं तिनं धरलं असेल.

रंभा सिस्टर सांगलीच्या. कार्ड हातात घेऊन त्यांनी तारखा मोठ्यानं वाचल्या.

"मिस, काहीतरी चुकतंय. इथे सोमवार लिहिलाय."

"हो, कालचा. चार ते सहा. चाळीस तास पूर्ण झाले."

"हमीदाबी परवा गेल्या हो. काल सकाळी दफन केलं त्यांना."

माझ्या मुठीवरचा हात इतका घट्ट झाला की रबर करकरलं.

"मग हा अंगठा?" रशीदा मिस हळूच म्हणाल्या.

"मैं बोला था ना, सिस्टर," दाराशी उभा असलेला राजन म्हणाला. "कल चार बजे. ये कुर्सी."

सिस्टरचा आवाज बदलला. त्या इरावतीजवळ आल्या. "बाळ, घाबरू नकोस. खरं सांग. तुला काल त्या दिसल्या का? तू फिरवलंस का त्यांना?"

"या अल्लाह," मिस पुटपुटल्या.

मित्रांनो, तिनं नुसतं 'हो' म्हणायचं होतं. कुणी तिला खोटं पाडलं नसतं. उलट उभ्या बहरीनमध्ये ती गोष्ट झाली असती, आणि बुधवारी बिल्लाही मिळाला असता. ती बोलायला लागली, तेव्हा 'हो'च येणार असं मला वाटलं.

पण ती राजनला म्हणाली, "चार से छह? पूरा टाइम?"

"हाँ बेटा. दो बार मैं अंदर लाया. दो बार वापस गेट पे. ब्रेक लगा के भी."

"किस साइड को थी?"

"रोड की तरफ. जिधर से तुम्हारा गाड़ी आता है."

इरावतीनं माझी मूठ सोडली आणि ती मिसकडे वळली.

"मिस, तो थंब माझा आहे. काल शपथेची प्रॅक्टिस होती, ती मी सोडली नाही. कार्ड सकाळी द्यायचं होतं. बाबांच्या टेबलावर इंक पॅड होतं." मग तिला एकदम रडू फुटलं. "मी आलेच नव्हते."

"पण मग खुर्ची..." सिस्टर म्हणाल्या.

"आजी आल्या होत्या. मी नाही आले."

रशीदा मिसनी विचारलं, "नियम ठाऊक आहे ना, इरावती?"

"हो, मिस."

"फंक्शनमध्ये शपथ दुसरं कुणीतरी वाचेल."

"हो, मिस."

मिसनी कार्ड पर्समध्ये टाकलं. पर्सच्या कडीचा आवाज अजून माझ्या कानात आहे.

पुढच्या सोमवारी बरोबर चार वाजता इरावती आली. सिस्टर म्हणाल्या, "आता कशाला गं? कार्ड तर गेलं."

"दोन तास राहिलेत, सिस्टर."

तिनं मला उघडलं, कापड हातानं झटकलं आणि म्हणाली, "बसा आजी." मग थोडं थांबून आम्ही निघालो. बांधावरून ती मला सावकाश नेत होती, खड्डा आला की पुढची चाकं उचलत होती. शाळेतलं सांगत होती, थोडं मराठीत, थोडं इंग्रजीत. शपथ कुणी वाचली ते सांगितलं. मधूनमधून गप्प राहायची, उत्तराला जागा ठेवल्यासारखी. अजान झाली तेव्हा तिनं मला थांबवलं. मग माझ्यावर वाकून तिनं विचारलं, "खलास, आजी? झाले दोन तास?"

मित्रांनो, मी शपथेवर सांगते, त्या दोन तासांत माझ्यावर कोणीही नव्हतं. इतकी हलकी मी जन्मात कधी नव्हते. एकीनं वाट बघितली तेव्हा दुसरी नव्हती, आणि दुसरी आली तेव्हा पहिलीची वेळ संपून गेली होती. मला बोलता आलं असतं तर मी तिला ते सांगितलं असतं का? नसतं सांगितलं. ती सहानंतर आणखी एक फेरी मारून गेली.

पुढे ती दर सोमवारी येत राहिली. कार्ड नाही, बिल्ला नाही. दुसरी माणसं माझ्यावर बसली, तिनं त्यांना फिरवलं. आरामघरातले लोक तिचं कौतुक करत. मग ती कॉलेजला गेली, आरामघरही बंद पडलं आणि मी या कोठीत आले. मला तेलाचा थेंब देणारं आता कुणी नाही. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

पण एक गोष्ट सांगायची राहिली, आणि त्यासाठीच मी बोलते आहे. कोठीचं दार बंद असतं, तरी माझं कापड अधूनमधून खाली जातं. हमीदाबी नव्हेत, त्यांचं वजन मी ओळखते. ही वेगवेगळी वजनं आहेत. कुणी अगदी सुकलेलं, कुणी थोराड, कुणी सारखं पुढे सरकून बघणारं. त्यांची नावं मला माहीत नाहीत. एवढंच कळतं की कुणीतरी त्यांना 'नक्की येतो' म्हणून सांगितलेलं असतं. ती थोडा वेळ बसतात, दाराकडे तोंड करून, आणि उठून जातात. दर वर्षी ती वाढत आहेत.

म्हणून मित्रांनो, तुम्ही कुणाला येतो म्हणाला असाल, तर आज जा. बिल्ल्यासाठी गेलात तरी चालेल, पण जा. मी आता फार जुनी झाले आहे. माझे पाइप वाकू लागलेत. मला आणखी वजन पेलायचं नाही.