मधल्या पट्ट्यातला खडक

माझ्या लेकीला अंघोळ घालताना सासूबाई, आक्का, कधी बोलत नाहीत. लांब केलेल्या पायांवर बाळ, हातात कोमट पाण्याचा तांब्या आणि तोंड मिटलेलं. त्या दिवशी मात्र पाणी ओतता ओतता, माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "हिच्यागत एक मलाबी झालती. पृथ्वीच्या आदी. नऊ दिस व्हती."

मी टॉवेल धरून तशीच उभी राहिले. लग्नाला चार वर्षं झाली होती, पण या घरात हे कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. पृथ्वीराजला, माझ्या नवऱ्यालाही, आपल्याआधी एक बहीण होती हे माहीत नव्हतं. बारशाआधी गेली, म्हणजे नावही नाही. बिननावाच्या पोरीचा विषय काढायचा तरी कसा?

"एवढ्या ल्हान जिवाला जाळत न्हाईत. आपल्याच रानात पुरली. बांधाला, शेवग्याखाली. मी बाळंतीण, मला कोण नेतंय? मागनं सांगितलं." बाळाच्या कानात पाणी जाऊ नये म्हणून त्यांनी तळहात आडवा धरला. "आता तिथं घाणीची टाकी येणार म्हणं."

येणार होती. कसबा बावड्यात आमचं चाळीस गुंठे रान. तिन्ही बाजूंनी इमारती उठलेल्या, मधे एकटा आमचा ऊस. शेवटचा ऊस फेब्रुवारीत कारखान्याला गेला आणि रान हंबीरराव बिल्डरांकडं गेलं. रस्त्याला दुकानं, मागं दोन विंग, त्यातले काही फ्लॅट आणि दोन दुकानं आमची. प्लॅनचा कागद सोप्यात भिंतीला चिकटवला होता. मागच्या कोपऱ्यात, शेवग्याच्या जागी, निळा चौकोन होता. अठ्ठेचाळीस घरांच्या संडासाची टाकी.

"जागा तेवढी मोकळी ऱ्हाऊ दे," आक्का म्हणाल्या. "वर गवत असंना, पोरं खेळंनात. टाकी नको. तू सांग पृथ्वीला. मी सांगाय गेलो की तोंडच उघडत न्हाय माझं."

मी सांगितलं, पण अर्धंच. आक्कांना शेवग्यापाशी टाकी नकोय, एवढंच. तो हसला. "शेंगांसाठी प्लॅन बदलायचा व्हय?" पुढचं माझ्याही तोंडून निघेना. ते दुःख माझं नव्हतं, आणि ज्यांचं होतं त्यांनी ते चौतीस वर्षं झाकून ठेवलं होतं.

आखणीच्या दिवशी सकाळी आम्ही सगळे रानात गेलो. बाळ माझ्या खांद्यावर झोपलेलं. हंबीररावांची माणसं दोऱ्या ताणून फक्कीच्या पांढऱ्या रेघा मारत होती. सासरे, आबा, बांधावर बसून तंबाखू मळत होते. या सगळ्या व्यवहारात त्यांनी सही सोडली तर काही केलं नव्हतं.

शेवग्याखालच्या चौकोनाची चौथी रेघ मारायची होती, तेवढ्यात आक्का आत जाऊन उभ्या राहिल्या.

"वैनी, सरका की थोडं," हंबीरराव म्हणाले. त्यांचा आवाज मुळातच मोठा, प्रेमानं बोलले तरी भांडल्यासारखा. "शेंगांचा मोह सुटंना व्हय? पोतं भरून शेंगा आणून टाकतो दारात. मग तर झालं?"

माणसं हसली. आक्का हलल्या नाहीत.

"आक्का, काय चाललंय?" पृथ्वीराज वैतागला. "लोकं खोळंबल्यात."

आक्कांनी माझ्याकडं बघितलं.

"त्यांची लेक आहे तिथं," मी म्हणाले. "पहिली. नऊ दिवसांची होती."

फक्की टाकणारा माणूस घमेलं खाली ठेवून बाजूला झाला. पृथ्वीराज आईकडं बघत राहिला. मग आबांकडं. आबांनी मळलेली तंबाखू तोंडात टाकली नाही, तशीच मुठीत धरली.

हंबीररावांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. "वैनी, आदी सांगायचं की ओ," ते हळू म्हणाले. त्यांचा हळू आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. "कागदच हाय, दगडावरची रेघ न्हवं. टाकी उचलतो हितनं. मधल्या पट्ट्यात घेऊया, दोन विंगांच्या मधी. तिथं माती बी मऊ हाय."

आक्कांनी दोन्ही हात जोडले. झालं एकदाचं, असं मला वाटलं.

"तिथं नको," आबा म्हणाले.

सगळे त्यांच्याकडं वळले.

"का ओ, आण्णा?" हंबीररावांनी आबांना विचारलं.

"खडक हाय."

मधल्या पट्ट्यातला खडक आम्हा सगळ्यांना माहीत होता. चांगल्या उसात खाटेएवढा एक तुकडा कायम रिकामा असायचा. फाळ मोडंल म्हणून आबा ट्रॅक्टरवाल्याला तिथं नांगर उचलायला लावायचे. पृथ्वीराज लहानपणी त्या मोकळ्या मातीवर बसून ऊस खायचा.

"खडक-बिडक काय न्हाय, आण्णा," हंबीरराव म्हणाले. "गेल्या आठवड्यात त्याच्या अंगालाच मशीन लावून बघितलं की. खाली लांबपातूर काळी माती."

आबा उठले. फक्कीच्या रेघा ओलांडत मधल्या पट्ट्यापर्यंत चालत गेले आणि त्या रिकाम्या तुकड्याच्या कडेला थांबले. डोक्यावरची टोपी काढली.

"हितं हाय ती."

शेजारच्या इमारतीत कुणीतरी फरशी कापत होतं.

"मग शेवगा?" आक्कांनी विचारलं.

"आईनं सांगितलंतं, खरी जागा बोलू नको. तू दोनदा रातचं उठून दाराकडं गेलतीस. जाऊन उकरंल, म्हणाली." आबा जमिनीकडं बघत बोलत होते. "पुढं सांगू म्हणत ऱ्हायलो. तवर तू शेवग्याला पाणी घालाय लागलीस. उसाला कमी पडलं तरी शेवग्याला घालायचीस. मग कसं सांगू?"

आक्कांनी एकदा झाडाकडं बघितलं. मला वाटलं, आता त्या ओरडतील. दोन रानं पलीकडं ऐकू जाईल असा आवाज आहे त्यांचा. पण त्या चालत मधल्या पट्ट्याकडं गेल्या. चपला काढल्या.

"डोकं कुनीकडं?"

"उगवतीला."

त्या वळसा घालून उशाच्या बाजूला गेल्या आणि मातीत बसल्या. मी बाळाला घेऊन त्यांच्याजवळ गेले.

"कशात गुंडाळलंतं?"

"तुझं हिरवं लुगडं. अर्धं फाडून."

"ते व्हय?" आक्का म्हणाल्या. "त्या लुगड्यापायी मी जावंला चोर म्हटलोतो. चार वर्सं बोललो न्हाई तिच्यासंगं."

आक्का तळहातानं माती सारखी करू लागल्या. ढेकूळ लागलं की बोटांनी फोडायच्या, काडी निघाली की बाजूला टाकायच्या. बाळ खांद्यावर चुळबुळलं, तशी त्यांनी मान वर केली. "डोस्कं झाक तिचं. ऊन लागंल."

मागं हंबीरराव पृथ्वीराजला सांगत होते, "मधली गाड्यांची वाट हलवून जागा मोकळी सोडायची तर एक विंग म्होरं सरकंल. रस्त्याची दुकानं जात्यात बघ. तुमच्या वाटणीची दोन बी त्यातच. इचार कर. आज गडबड न्हाय."

"जाऊ देत," पृथ्वीराज म्हणाला. "मधी काय नको. रस्ताबी नको, गाड्याबी नकोत."

हंबीररावांनी माणसांना हाक मारली. ती पायानं रेघा पुसत पुसत आमच्या दिशेनं यायला लागली, तसं त्यांनी हात करून त्यांना लांबच थांबवलं.

आबा अजून टोपी हातात घेऊन उभेच होते. बसावं की नको, हे त्यांना कळत नसावं.

"बसा की आता," आक्का वर न बघता म्हणाल्या. "किती येळ उभं ऱ्हाणार?"

आबा गुडघ्यावर हात टेकून हळूहळू खाली बसले, त्यांच्यापासून हातभर अंतरावर.