बाबांचा ट्रेबल

"कागदाला कान असतात का गं?" साउंडच्या कोर्सचं माझं सर्टिफिकेट दोन बोटांत धरून बाबांनी विचारलं, तेव्हापासून माझं डोकं फिरलेलं होतं. नाट्यगृहाच्या व्यवस्थापकांना मिक्सरवर शिकलेलं माणूस हवं होतं, म्हणून कागदोपत्री साउंड इंजिनिअर मी. मिक्सरसमोरच्या खुर्चीत मात्र बाबाच. मी वायरी गुंडाळायच्या, माईकचे सेल बदलायचे आणि ऐकून घ्यायचं. "आम्ही शॉक खाऊन शिकलो, तुम्ही फी भरून." हे रोजचंच.

ऐकून घेतलंही असतं. पण हल्ली त्यांनी लावलेला आवाज कर्कश येऊ लागला होता. ट्रेबल, म्हणजे आवाजातला बारीक, टोकदार भाग, ते दर कार्यक्रमाला आणखी वर ढकलत. 'स' म्हटलं की कानात सुई. पुढच्या रांगेतली माणसं उठून मागे जाऊन बसत. "बाबा, कान तपासून घ्या," म्हटलं की उत्तर ठरलेलं, "कान ठीक आहेत माझे, जीभ तुझी लांब झालीय."

आज तालमीत गायिका मधेच थांबली. "काका, टोचतंय हो."

"माईक स्वस्तातला आहे तुमचा, बाई."

नाचता येईना अंगण वाकडं! व्यवस्थापक दारात उभे होते, तरी माझा तोल सुटला. "उठा बाबा. मी एक सूर लावते. ऐकू आला की हात वर करा."

"लाव की. तुझ्या बापाचे कान आहेत!"

ते रंगमंचासमोर जाऊन उभे राहिले. नीट ऐकायचं असलं की ते डोळे मिटतात, तसे मिटले. मी त्यांच्या खुर्चीत बसले आणि लॅपटॉपवरून तो बारीक सूर सोडला. गायिकेनं दोन्ही कान दाबले. व्यवस्थापकांचं तोंड वाकडं झालं. मी आवाज आणखी वाढवला. रागानंच वाढवला, मला जिंकायचं होतं.

बाबांचे हात खालीच.

"अगं, लाव ना," ते म्हणाले. "की बटण कुठलं तेच शिकवलं नाही कोर्समध्ये?"

कुणी हसलं नाही. मी सूर बंद केला. "लॅपटॉप अडकलाय, बाबा."

"बघ! चल, ऊठ आता," ते खुशीत माझ्याकडे येत म्हणाले.

मला रडू येत होतं आणि राग काही जात नव्हता. मी उठले नाही.