कोरडा रेझर

"पाय सैल सोडा, आजोबा, झालंच," म्हणत रायलीने अर्वीआजोबांच्या जांघेवरून कोरडाच रेझर फिरवला. लघवीच्या नळीची चिकटपट्टी दर शुक्रवारी बदलायची, पट्टीखाली केस नकोत, आणि अजून अकरा जण बाकी. आजोबांनी पलंगाचा कठडा घट्ट धरला.

"दुखतंय का?"

"छे!"

प्रमुख परिचारिका मार्केटा दारातून डोकावली. "उद्या तरी सॉनाला, वाफ घ्यायला येणार ना?"

"नको. आता कसला सॉना!"

मार्केटाने रायलीला बाहेर बोलावलं. "सात शनिवार झाले गं. जगण्यातून मनच उठलंय त्यांचं. पुढचा शनिवार बघू, नाहीतर वरच्या मजल्यावर हलवू." वरचा मजला अंथरुणाला खिळलेल्यांचा. तिथून कुणी खाली परत आल्याचं रायलीला आठवत नव्हतं.

मार्केटाचं तरी काय चुकलं? आमच्या फिनलंडात माणूस बायकोशी अबोला धरेल, चर्चला दांडी मारेल, पण शनिवारचा सॉना सोडणार नाही. त्यात अर्वीआजोबांनी उभी हयात नदीतून ओंडके वाहून नेण्यात घालवलेली. रायली मात्र साधी, नाकासमोर चालणारी बाई. एकोणीस वर्षं या वृद्धाश्रमात सेविका होती, तरी डॉक्टरांना तिचं नाव आठवत नसे. पण तो घट्ट धरलेला कठडा काही तिच्या मनातून जाईना.

घरी जाऊन तिने एक वेडेपणा केला. स्वतःच्या जांघेवर तसाच कोरडा रेझर फिरवला आणि शनिवारी नवऱ्यासोबत घरच्या सॉनात बसली. पेंटीने तापल्या दगडांवर पळीभर पाणी टाकलं. वाफ अंगावर आली आणि रायली किंचाळत फळीवरून उठली.

"काय गं, मुंगळा चावला?"

"मीच चावतेय रे," ती म्हणाली. "एकोणीस वर्षं!" आणि तिला रडू फुटलं.

पुढच्या शुक्रवारी तिने रेझर हातातच घेतला नाही. "उद्या आधी सॉना, आजोबा. मग पट्टी."

"नको म्हटलं ना एकदा!"

"मी स्वतःवर करून बघितलं. वाफेत नुसती आग होते. बोलला का नाहीत?"

आजोबांनी तोंड खिडकीकडे वळवलं. "असल्या जागेचं बाईमाणसाला काय सांगायचं? आणि तू आपली कायम घाईत."

शनिवारी आजोबा बाकीच्या म्हाताऱ्यांसोबत आत गेले आणि ती सॉनाच्या दाराबाहेर बाकावर बसली. आत दगडांवर पाणी चरचरलं. थोडा वेळ काहीच ऐकू येईना, तशी ती उठून उभी राहिली. मग आजोबांचा आवाज आला, "अरे, टाक की अजून एक पळी! पाणी काय विकत आणलंय?"

बाहेर आले तेव्हा ते लालबुंद झाले होते. रायलीने आधी कात्रीने केस बारीक केले. वाफेने ते मऊ झालेच होते. भरपूर फेस लावून नवं पातं केसांच्या दिशेनेच हलकं फिरवलं, एका जागेवरून एकदाच. मग गार पाण्याचं फडकं ठेवलं, न चोळता अंग टिपलं आणि बिनवासाचं मलम लावलं. पट्टी या वेळी दुसऱ्या मांडीवर चिकटवली.

"झालं."

"झालं? मला वाटलं, तू अजून गप्पाच मारतेयस," आजोबा म्हणाले. त्यांचे दोन्ही हात मांडीवर मोकळे होते.

सोमवारी मार्केटाने त्यांना वर हलवायचा कागद फाडून टाकला. त्या दिवशी वर गेली ती रायली. तिथल्या काइसूबाईंनी दोन हिवाळ्यांपूर्वी सॉना सोडला होता. तेव्हा दर शुक्रवारी त्यांची पट्टीही तीच बदलत असे.

ती पलंगाशी खुर्ची ओढून बसली. काय चुकत होतं ते तिने सगळं सांगितलं आणि माफी मागितली.

काइसूबाई छताकडे बघत ऐकत होत्या. मग त्यांनी मान वळवली.

"आज वार कोणता गं?"

"सोमवार."

"म्हणजे अजून पाच दिवस," त्या म्हणाल्या.