येतो म्हणणारी फौज

पवईच्या तळ्याकाठी एका काचेच्या इमारतीत 'मित्रभूमी' नावाचा व्हिडिओ गेम तयार झाला. शांतिसेनेत जाणाऱ्या आपल्या जवानांना परक्या देशाची भाषा आणि रीतीभाती शिकवायच्या, हे त्याचं काम. तो देश कोणता, हे मात्र गुप्त होतं. इतकं गुप्त, की गेम बनवणाऱ्यांनाही सांगितलेलं नव्हतं. सुरक्षेचा प्रश्न असतो हो, उगाच चौकशा करू नयेत.

वरून आला तो हजारभर शब्दांचा कोश, अर्थासकट. रीतीभाती आल्याच नाहीत. कंपनीचा मालक केतन म्हणाला, "गाव इथून तिथून सारखंच, यार. भरा काहीतरी झकास." मग भरलं. चित्रं काढणारा ओजस पार्ल्याचा. त्याने रंगवलेला गावप्रमुख बंदूकधारी जवानाला पहिला प्रश्न विचारायचा, "मूळ गाव कुठलं तुमचं?" संवाद लिहिणारी अनुपमा परब बोरीवलीची, मूळची मालवणकडची. तिने लिहिलेल्या गावात जवानाने बूट दाराबाहेर काढले नाहीत की गुण कापले जात. चहाला लगेच हो म्हटलं तर तो हावरट, आणि दोनदा नको म्हणून मग घेतला तर चांगल्या घरचा.

आणि निघताना छातीवर हात ठेवून, हसून, त्यांच्या भाषेत म्हणायचं, 'येतो.' 'जातो' म्हटलं की पडद्यावरची म्हातारी तोंड फिरवायची आणि विश्वासाची हिरवी पट्टी लाल व्हायची. दारातून निघताना 'जातो' कसं म्हणायचं? अशुभ असतं ते. हे कुणाला ठाऊक नसेल, असं त्या अख्ख्या ऑफिसात एकाच्याही मनात आलं नाही.

ती भाषा बोलणारा एक पाहुणा आवाज द्यायला आला होता. या ओळीपाशी तो थबकला. "हे कोण म्हणणार?" असं त्याने विचारलं. गुप्त आहे, असं सांगितल्यावर बिचाऱ्याने वाचून टाकलं.

मग वरचे साहेब गेम बघायला आले. साहेब मूळचे साताऱ्याचे. स्वतः खेळले, बूट काढले, आग्रहाचा चहा घेतला, येतो म्हणाले आणि खूश झाले. "परका देश असून अगदी घरच्यासारखं वाटलं," असा शेरा मारून त्यांनी मंजुरी दिली. वाटणारच. घरचंच होतं ते सगळं.

पहिली तुकडी शिकून गेली. दुसऱ्या तुकडीत अनुपमाचा धाकटा भाऊ प्रीतम होता. जाण्याआधी रजेवर घरी आला तो बढाया मारतच. "ताई, तुझ्या गेममध्ये अख्ख्या पलटणीत मी पहिला! म्हातारी तर माझ्यावर फिदा आहे." आईने कौतुकाने त्याच्या ताटात आणखी एक सुरमई वाढली. अनुपमाचीही कॉलर ताठ झाली. आपण लिहिलेलं आपल्या भावाच्या कामी येणार, यापरतं काय हवं?

प्रीतमच्या निघण्याच्या आदल्या दिवशी पहिल्या तुकडीचा अहवाल ऑफिसात आला. केतनने तो सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवला. गावाने पाहुणचार केला होता. निघताना तीस बंदूकवाल्यांनी एकामागून एक छातीवर हात ठेवून, हसून सांगितलं, 'येतो.' सकाळी गावात चिटपाखरू नव्हतं. गुरंढोरं सोडून माणसं डोंगरात पळाली होती. त्या मुलखात याआधी आलेले बंदूकवालेही तेच सांगून गेले होते, आणि खरंच परत आले होते. पुढच्या गावातही जवान हेच म्हणाले, पण तिथली माणसं पळाली नाहीत. वाट बघत बसली. दुसऱ्या दिवशी एका जवानाच्या खांद्यात गोळी गेली.

ओजस खाली बघत राहिला. केतन म्हणाला, "वाईट झालं रे. पण उच्चार बघा किती साफ! कळल्याशिवाय कोण पळतं?"

"केतन, ती ओळ आजच्या आज बदल," अनुपमा म्हणाली. "माझा भाऊ उद्या निघतोय."

"अगं, मंजुरी झालीय ना. एक शब्द हलवला तर सगळं पुन्हा वर जाणार, वाट लागेल. पुढच्या व्हर्जनमध्ये नक्की घेऊ."

पुढचं व्हर्जन पुढच्या वर्षी होतं. प्रीतमची गाडी सकाळची होती.

घरी आल्या आल्या तिने त्याला खोलीत ओढला. सगळं ऐकून तो आधी हसला. "काय पण! गेममध्ये हेच बरोबर होतं."

"गेम मी लिहिलाय रे गाढवा! मला त्या देशाचं नावसुद्धा माहीत नाही!"

तेव्हा कुठे त्याचा चेहरा उतरला. मग तिने कोशातून त्या भाषेतला 'जातो' शोधला आणि त्याच्याकडून घोकून घेतला. पण शिकवणी पक्की झालेली. छातीवर हात गेला की तोंडातून 'येतो'च निघायचं. अनुपमाला रडू येत होतं आणि रागही येत होता. केतनचा, त्या साताऱ्याच्या साहेबांचा, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा.

सकाळी दारात बॅग खांद्याला लावून प्रीतम आईच्या पाया पडला. सराव कर म्हणून अनुपमाने डोळे वटारले, तसा छातीवर हात ठेवून तो त्या परक्या भाषेत काहीतरी पुटपुटला.

"ह्या काय म्हटलंस?" आईने विचारलं.

या घरात लहानपणी तोंडातून 'जातो' निसटलं तर आई पुन्हा आत बोलवून, बसवून, पाणी पाजून मग पाठवायची. नवरा शेवटचा गिरणीत जायला निघाला तेव्हा घाईत 'जातंय' म्हणून गेला तो परत आलाच नाही, असं ती अजून सांगायची.

शेवटी अनुपमाने सांगून टाकलं. शब्दाचा अर्थ, पळालेलं गाव, ती गोळी, सगळं. आई चौकटीला धरून ऐकत राहिली. मग प्रीतमकडे वळली.

"मगे असो पुटपुटतंस कित्याक? नीट म्हण. थयसर माझ्यासारकी खंयची तरी आवस दारात उभी असतली. तिका ऐकाक येऊक होया."

"आये, तुझ्यासमोर नको गे."

"माझ्यासमोरच म्हण. हय जमला तर थय जमात."

प्रीतमने छातीवर हात ठेवला. "जातंय, आये."

"जा," आई म्हणाली, आणि तो जिना उतरेपर्यंत तिने पदर तोंडाला लावला नाही.